पिशवी शिवून घ्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणी सांगायला नको. खुर्च्यांच्या कारखान्यात मी तपासनीस. तयार झालेली प्रत्येक खुर्ची माझ्यापुढे येते. मी ती हलवतो, तिच्यावर बसतो, उठतो, उलटी करतो आणि तिच्यातली चूक काढतो. एकोणीस वर्षं दिवसभर चुका काढणारा माणूस संध्याकाळी घरी जाताना आपले डोळे काही कारखान्याच्या खुंटीला अडकवून जाऊ शकत नाही. दूधवाल्याच्या दुधात मला पाणी दिसतं. शिंप्याने उरलेलं कापड कुठे ठेवलं असेल, ते दिसतं. न्हावी फार गोड बोलायला लागला की मी आरशातून त्याच्या हातावर नजर ठेवतो. बायको म्हणते, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं. मी म्हणतो, काही गोष्टी मुळातच पिवळ्या असतात.

तर अशा माझ्या वाटेत गाठमामा बसायचा.

कारखाना वरच्या अंगाला, वस्ती खाली, आणि मध्ये एकच उताराचा रस्ता. उतार संपता संपता एक स्पीडब्रेकर आहे. तो इतका उंच, की बांधणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालं असावं. त्याच्यापासून वीस पावलांवर, बंद पडलेल्या पंपघराच्या भिंतीला लागून गाठमामाचं दुकान. वर ताडपत्री, खाली गोणपाट, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं, टायर उचकटायच्या तीन पट्ट्या आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. एवढ्यावर बावीस वर्षं तो आणि त्याची विधवा बहीण जगत होती.

आधी तो तंबू शिवण्याच्या कारखान्यात होता. तो बंद पडला तेव्हा बाकीचे कामगार काय काय घेऊन गेले, देव जाणे. याने एक दाभण आणि नायलॉन दोऱ्याची रिळं आणली. मग सायकलच्या टायरांची फाटलेली कूस तो त्या दाभणाने शिवायला लागला. फाटलेल्या तंबूसारखीच, आडवे टाके घालून. आतून अस्तर म्हणून काहीतरी चिवट लागतं, नाहीतर ट्यूब फटीतून फुगा काढते. ते अस्तर एकदा संपलं, आणि दवाखान्यातली सुईण फाटका टायर घेऊन समोर उभी. कुठल्यातरी बाईचे दिवस भरलेले, सुईणीला पलीकडच्या वस्तीत पोचायचं होतं. याने आपल्या बुटाची जीभ कापली, टायरच्या आत घातली आणि तिला वाटेला लावलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या बुटाचीही गेली. तेव्हापासून त्याच्या बुटांना जिभा नाहीत. तोंडात होती, पण तीही तो बेताबेतानेच वापरायचा.

गाठमामा हे नाव पडलं ते त्याच्या शेवटच्या उपायामुळे. ठिगळ संपलेलं, सोल्युशन वाळलेलं, आणि गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नाही, अशा वेळी तो ट्यूब भोकाच्या जागी चक्क कापायचा, दोन्ही तोंडं एकत्र आवळून गाठ मारायचा, आणि आखूड झालेली ट्यूब ताणून पुन्हा चढवायचा. सायकल चालायची. फक्त प्रत्येक फेऱ्याला गाठ खाली आली की चाक उचकी द्यायचं. संध्याकाळी उतारावरून दोन-तीन सायकली तरी उचक्या देत जायच्या, आणि लोक म्हणायचे, मामाची कोणीतरी आठवण काढतंय.

लोकांना त्याचं कौतुक होतं. मला नव्हतं. कारण तो भोक शोधायचा कसा, तर ओठाने. ट्यूबमध्ये हवा भरायची, खालचा ओठ ओला करायचा आणि ट्यूब ओठाजवळून फिरवायची. मग 'इथे आहे' म्हणून बोट ठेवायचं. घमेल्यातलं पाणी नुसतं आपल्या समाधानासाठी. आता सांगा, घरात चोरी झाली आणि पोलीस येण्याआधीच शेजाऱ्याने कपाट नेमकं दाखवलं, तर तुम्ही शेजाऱ्याच्या पाया पडाल की त्याची झडती घ्याल?

शिवाय पंक्चर व्हायची तीही त्याच्याच दुकानाजवळ. मला स्वतःला महिन्यातून तीनदा. बाकीच्यांनाही. सगळे खिळे स्पीडब्रेकरच्या अलीकडे-पलीकडे. वर चढावर एक नाही, खाली वस्तीत एक नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते त्या घमेल्यातलं नव्हतं.

एकदा त्याने माझ्या मागच्या चाकातून खिळा काढला, तळहातावर घेतला आणि म्हणाला, "भाऊ, ही चूक तुमच्याकडचीच. पिशवी शिवून घ्या एकदा."

माझ्या हँडलला कापडी पिशवी असते. बायको घरी खुर्च्यांच्या बैठकींना रेक्झिन लावते, त्यासाठी लागणारे खिळे मी कारखान्याच्या स्टोअरमधून रोज त्या पिशवीतून नेतो. अर्धा इंची, निळसर, मोठ्या डोक्याचे. आम्ही कारखान्यात त्यांना नुसतं 'बारीक' म्हणतो. मी मनात म्हटलं, बघा, टायर शिवून भागेना म्हणून आता हा पिशव्या शिवायचं गिऱ्हाईक शोधतोय, आणि वर चूक माझीच! मी सायकल घेऊन निघालो.

पण तो तळहातावरचा खिळा मी पाहिला होता, आणि घरी पोचेपर्यंत माझं डोकं फिरलं. निळसर. मोठ्या डोक्याचा. आमच्याच कारखान्यातला बारीक! इथे मला एक जुनी गोष्ट आठवली. बायको कितीतरी दिवस तक्रार करत होती की खिळे पुरत नाहीत, वजनाला कमी येतात. मी तेव्हाच ओळखलं होतं की आमचा स्टोअरवाला काटा मारतो. आता उरलेल्या खिळ्यांचं तो काय करतो, तेही कळलं. गाठमामाला विकतो, आणि गाठमामा ते रस्त्यावर टाकतो. दोन आणि दोन चार. इतका सरळ हिशेब मला आयुष्यात कधी जमला नव्हता. त्या रात्री मला छान झोप लागली.

तरी मी न्यायी माणूस आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून एका सकाळी उजाडायच्या सुमाराला मी जाऊन एका बंद टपरीमागे उभा राहिलो. थंडी होती, आणि टपरीखालचं कुत्रं माझ्याकडे संशयाने बघत होतं. थोड्या वेळाने गाठमामा आला. काखेत तोच पत्र्याचा डबा. स्पीडब्रेकरच्या खालच्या बाजूने त्याने वरच्या अंगाला चालायला सुरुवात केली. माझ्याकडे पाठ, कमरेत वाकलेला, एक हात जमिनीलगत. दोन पावलं टाकायचा, हात डब्याकडे न्यायचा, पुन्हा खाली. डबा अधूनमधून खुळखुळायचा.

पेरत होता! शेतात पेरावं तसं शांतपणे, ओळीने पेरत होता. खरं सांगतो, मला रागापेक्षा आनंद जास्त झाला. एकोणीस वर्षांत मी असंख्य खुर्च्यांत चुका काढल्या, पण माणूस असा रंगेहाथ कधी सापडला नव्हता. पुढे जाऊन त्याचा हात धरावा, असं मात्र मला वाटलं नाही. मी घरी जाऊन अर्ज लिहायला बसलो.

अर्ज झकास झाला. 'सदर इसम जाणूनबुजून रस्त्यावर खिळे टाकून जनतेस वेठीस धरतो, तरी त्यास सदर जागेवरून तात्काळ हटवावे.' त्यावर मी एकतीस सह्या घेतल्या. लोक आधी कां-कू करायचे, मग मी टपरीमागची हकीकत सांगायचो, की करायचे सही. स्टोअरवाल्याची सही मी मुद्दाम घेतली. त्याचा चेहरा बघायचा होता. त्याने अर्ज वाचला, म्हणाला, "अरेरे, चांगला वाटायचा माणूस," आणि सही केली. काय निगरगट्ट! कागद मी रस्ते खात्याच्या ऑफिसात दिला.

महिनाभराने माझं चाक पुन्हा बसलं. त्या दिवशी कारखाना अर्धाच दिवस होता, त्यामुळे दुपारची वेळ होती. गाठमामाची बहीण त्याचं जेवण घेऊन आली होती, पण जेवण तसंच झाकलेलं होतं. त्याने माझी सायकल उलटी केली आणि डब्याखालून एक घडी घातलेला कागद काढला.

"भाऊ, जरा वाचून द्या. सकाळी साहेबांचा माणूस भिंतीला लावून गेला. आम्हा दोघांनाही अक्षर येत नाही."

ती नोटीस होती. माझीच वाक्यं होती, वर शिक्का. दुसऱ्याने लिहिलेलं वाचतोय असा आवाज काढून मी वाचलं.

"सदर इसम म्हणजे मीच का?" त्याने विचारलं.

"हो."

"भाषा चांगली आहे. कोणीतरी शिकलेल्या माणसाने लिहिलंय."

मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. टोमणा होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही.

"आणि करायचं काय म्हणतात?" बहिणीने विचारलं.

"सात दिवसांत जागा सोडायची."

ती भिंतीकडे बघत राहिली. वरच्या नाक्यावर पंक्चरची दोन दुकानं होती, तिथे त्याला कोणी बसू दिलं नसतं. खालच्या वस्तीत रस्ताच अरुंद. त्या सात-आठ फूट भिंतीशिवाय त्यांना पोटापाण्याला जागा नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं. सह्या घेतानाही माहीत होतं. पण गुन्हेगाराच्या पोटाची काळजी आपण का करायची?

गाठमामाने ट्यूब ओठाजवळून फिरवली, खिळा उपटला आणि तळहात माझ्यापुढे धरला.

"भाऊ, आता तरी ऐका. ही चूक तुमची आहे. इथल्या सगळ्या चुका तुमच्याच आहेत. मी कधीचं सांगतोय, पिशवी शिवून घ्या."

माझा पारा चढला. म्हणजे अर्ज कोणी दिला, ते याला कळलं होतं तर! चोराच्या उलट्या बोंबा! "माझी चूक?" मी ओरडलो. "तू करशील ते सगळं बरोबर आणि चूक माझी? लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे!"

बहीण इतक्या दुःखातही पटकन बोलून गेली, "गाठ तर त्याच्याकडे असते, भाऊ."

मी तसाच, हवा न भरलेली सायकल ढकलत घरी आलो.

घरी बायकोने पिशवी ताटात ओतली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "आजही कमीच." मी तिला सगळं सांगितलं. तो मला कसा म्हणाला, ही चूक तुमची, सगळ्या चुका तुमच्या. मला वाटलं, निदान या वेळी ती माझ्या बाजूने चिडेल.

ती म्हणाली, "हातात काय होतं त्याच्या?"

"खिळा. आणखी काय असणार?"

"मग तो खिळ्याबद्दलच बोलत होता, अहो. बारक्या खिळ्याला चूक म्हणतात. माझे बाबा सुतार. जन्मभर तोंडात चुका धरूनच बोलायचे."

मी ज्या चुका दिवसभर काढतो त्यांना डोकं नसतं, टोक नसतं. माझ्यासाठी चूक म्हणजे चूक. आणि तो बिचारा एक खिळा माझ्या नाकासमोर धरून, त्याच्या परीने सोपं करून सांगत होता, की हा तुमचा आहे.

बायकोने रिकामी पिशवी खिडकीजवळ नेली, आत हात घातला आणि खालच्या कोपऱ्याकडे सरकवला. शिवणीतून तिचं बोट बाहेर आलं. पूर्ण बोट. ते तिने एकदा वाकवूनही दाखवलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. एरवी ती हसली असती. या वेळी हसली नाही. "उतारावर पिशवी हलत नाही, म्हणून पडत नसतील. त्या स्पीडब्रेकरवर आदळली की पाच-सहा पडत असतील. आणि तो सकाळी उठून..."

"पेरत होता," मी म्हणालो.

"डबा आधी खुळखुळायचा की नंतर? हात खालून वर जात होता की वरून खाली?"

मला सांगता येईना. मी पाठीमागून पाहिलं होतं. पाठीमागून पेरणारा आणि वेचणारा सारखाच वाकतो. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ते खात्याच्या ऑफिसात. साहेब म्हणाले, "अर्ज मागे घेता येईल, पण सही करणाऱ्या सगळ्यांनी घ्यायला हवा. एकतीसच्या एकतीस. नाहीतर मुदत संपली की आमची माणसं जाणार."

मी सहा दिवस दारोदार फिरलो. आधी माझ्या शब्दावर सह्या देणारी माणसं आता माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागली. "आधी म्हणतोस त्याने टाकले, आता म्हणतोस तू टाकलेस. भानगड काय आहे?" एकाने विचारलं, "मामाने जन्मभर फुकट पंक्चर काढून द्यायचं कबूल केलंय का?" एका बाईने मला तीन वेळा पिशवी दाखवायला लावली, आणि भोक पाहून म्हणाली, "हे तर आत्ताच पाडल्यासारखं वाटतंय." तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. प्रत्येक दारात मी तेच वाक्य बोललो, की खिळे माझ्या पिशवीतले होते आणि मी त्या माणसाला वाकलेला पाहिला, त्याच्या हातात काय होतं ते पाहिलं नाही.

शेवटचा स्टोअरवाला. त्याच्यापुढे मला माझे दोन गुन्हे कबूल करायचे होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे इतके दिवस तू माझ्या काट्याकडे टक लावून बघायचास ते यासाठी? मला वाटलं, तुला काटा आवडलाय." त्याने सही केली. मग माझे त्या दिवशीचे खिळे त्याने माझ्यासमोर दोनदा तोलले, आणि म्हणाला की आता रोज दोनदाच तोलणार, माझी हरकत असली तरी.

सातव्या दिवशी दुपारी साहेबांनी 'रद्द' असा शिक्का मारला आणि मी कागद घेऊन उतारावर गेलो. ताडपत्री उतरवलेली होती. गोणपाट गुंडाळून, दोरी बांधून ठेवलं होतं. बहीण त्यावरच बसली होती. गाठमामा भिंतीतला खुंटा काढत होता.

मी कागद पुढे केला. त्याने तो घेतला नाही. "वाचा," म्हणाला.

मी वाचलं. 'सदर खिळे अर्जदाराच्याच पिशवीतून पडत असल्याचे निदर्शनास आले असून...'

"सदर अर्जदार म्हणजे?"

"मी," मी म्हणालो. "चूक माझी होती, मामा."

त्याने खुंटा सोडला, डबा उचलला आणि झाकण काढलं. डबा काठोकाठ भरला होता. निळे, गंजलेले, ठोकल्याच्या खुणा असलेले. वर दोरी बांधलेलं एक लोहचुंबक, त्यालाही खिळ्यांची दाढी.

"एक नाही," तो म्हणाला. "घरी आणखी एक डबा आहे. घेऊन जा, वापरता येतील. वाकलेल्या मी ठोकून सरळ केल्यात."

मला तिथेच रडू आलं असतं, पण बहीण बघत होती. मी विचारलं, "राग नाही आला?"

"आलाय की. ही सात दिवस धड जेवली नाही." त्याने हात पुढे केला. "आणा ती पिशवी. राग असला म्हणून शिवता येत नाही असं नाही."

गोणपाट पुन्हा अंथरायच्या आधी, उभ्या उभ्याच, त्याने दाभणाने माझी पिशवी शिवली. आडवे टाके, तंबूचे. बहिणीने दोरा दाताने तोडला. डब्यातले खिळे मी त्याच पिशवीत ओतून घेतले.

मी निघालो. स्पीडब्रेकरवर पिशवी आदळली, आणि सवय ती सवय, थोडं पुढे गेल्यावर मी थांबून ती हलवून पाहिली. काही पडलं नाही. मग मी मागे वळून बघितलं.

गाठमामा माझ्या मागे स्पीडब्रेकरपाशी आला होता. वाकून, दोरीने लोहचुंबक रस्त्यावरून ओढत, तो एकेक पाऊल टाकत होता. मधे एकदा त्याने मान वर करून माझ्या पिशवीकडे बघितलं आणि पुन्हा खाली वाकला. आयुष्यात पहिल्यांदाच मला दुसऱ्याचा संशय अगदी रास्त वाटला.